कृष्णगिरीच्या रिकाम्या खोल्या : कान्हेरीतील धम्म, ध्यान आणि शिल्प

१/
मुंबईत बोरिवलीच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्यात एक काळा डोंगर आहे. प्राचीन लेखांत त्याचे नाव ‘कृष्णगिरी’. प्राकृतात ‘कण्हगिरी’ आणि आजच्या बोलीत ‘कान्हेरी’. या एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास येथे भिक्खूंची वस्ती सुरू झाली आणि ती जवळजवळ एक हजार वर्षे टिकली. या धाग्याचा विषय आहे तो तेथील भव्य मूर्तींइतकाच तेथील रिकाम्या खोल्यांचा.

२/
बहुतेक पर्यटक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी थांबतात. प्रचंड बुद्धमूर्तींसमोर छायाचित्रे काढतात आणि परततात. डोंगराच्या वरच्या अंगाला पसरलेल्या डझनावारी लहान लेण्यांत पाहण्यासारखे काही नाही, असा समज असतो. एक ओसरी, एक अंधारी खोली, एक दगडी ओटा, बाहेर पाण्याचे टाके. ना मूर्ती, ना नक्षी. परंतु संख्येने पाहिले तर कान्हेरी म्हणजे मुख्यतः याच खोल्या. त्या ज्या कामासाठी कोरल्या, ते समजल्याशिवाय मूर्तींचाही अर्थ पुरता लागत नाही.

३/
आधी एक कोडे. बुद्धाच्या उपदेशाचा गाभा अनित्यता हा आहे : जे जे उत्पन्न होते ते ते लयास जाते. भिक्खूने घर सोडावे, संग्रह करू नये, एका जागी आसक्त होऊ नये, हा विनयाचा दंडक. मग अनित्यता शिकवणाऱ्या आणि घर सोडलेल्या लोकांसाठी, हजारो वर्षे न ढळणाऱ्या खडकात घरे का कोरली गेली? पश्चिम भारतातील सर्वच बौद्ध लेण्यांना हा प्रश्न विचारता येतो. कान्हेरीत त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने सापडते, कारण तेथे प्रत्येक काळाने आपला पुरावा मागे ठेवला आहे.

४/
उत्तराचा पहिला भाग पावसात आहे. भिक्खूंनी वर्षभर चारिका करावी, मात्र पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहावे, असा नियम होता. यालाच वर्षावास म्हणतात. या दिवसांत भटकणाऱ्याच्या पायाखाली कोवळी पिके आणि असंख्य सूक्ष्म जीव तुडवले जातात, हे त्यामागचे कारण. आता कोकणातील पाऊस डोळ्यांसमोर आणावा. गवताची झोपडी ज्या धारांपुढे टिकत नाही, तेथे डोंगराच्या पोटातील कोरडी खोली ही चैन राहत नाही, ती गरज होते. पुढे वर्षावासाच्या निवाऱ्यांचे कायमचे विहार झाले.

५/
उत्तराचा दुसरा भाग ध्यानात आहे. आर्य अष्टांगिक मार्गाची शेवटची अंगे म्हणजे सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृती आणि सम्यक् समाधी. पैकी स्मृती म्हणजे आठवण नव्हे, तर या क्षणाची जागरूकता. आणि व्यायाम म्हणजे मनाचा योग्य दिशेने केलेला प्रयत्न. पाली ग्रंथांत ध्यानासाठी तीन प्रकारच्या जागा पुनःपुन्हा सांगितल्या आहेत : अरण्य, झाडाचे मूळ आणि शून्यागार, म्हणजे रिकामे घर. कान्हेरीत या तिन्ही जागा एकत्र आल्या. भोवती अरण्य, दारापुढे झाडे आणि आत खडकात कोरलेले शून्यागार.

६/
अशा खोलीत काय केले जात असावे? बौद्ध परंपरेत सर्वांत प्रसिद्ध साधना आनापानसतीची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देण्याची. श्वास बदलायचा नाही, रोखायचा नाही. तो लांब असेल तर लांब आहे, आखूड असेल तर आखूड आहे, एवढेच जाणायचे. मन भटकले की त्याला परत आणायचे. यातून एकाग्रता येते आणि त्या एकाग्र मनाने पाहिले की शरीर, वेदना आणि विचार सतत उत्पन्न होऊन विरत आहेत, हे अनुभवास येते. अनित्यता हा तेव्हा केवळ ऐकलेला सिद्धांत राहत नाही.

७/
साधनेचे हे एकच साधन नव्हते. पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपुराच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. त्यात ध्यानाचे ४० विषय दिले आहेत. मैत्री, करुणा, मृत्यूचे स्मरण, रंगीत मंडले आणि बुद्धाच्या गुणांचे स्मरण, म्हणजे बुद्धानुस्मृती, हे त्यांपैकी काही. कान्हेरीचा संघ वेगळ्या निकायाचा होता. येथील लेखांत भद्रायणीय निकायाचा उल्लेख येतो. तरी अनुस्मृतीची कल्पना सर्व निकायांना समान होती. तिच्यामुळेच ध्यानाची खोली आणि पूजेचे शिल्प यांच्यात नाते जुळते.

८/
ते नाते पाहण्यापूर्वी खोलीची रचना नीट पाहावी. समोर छोटे अंगण, मग दोन-चार पायऱ्या, खांबांची ओसरी, ओसरीत बसण्यासाठी दगडी बाक, आत एक दालन आणि त्याच्या कडेला निजण्याची खोली. अंगणाच्या बाजूला खडकात खोदलेले पाण्याचे टाके. डोंगरमाथ्यावर पडणारा पाऊस वाया जाऊ नये म्हणून कातळात पन्हळी कोरून ते पाणी टाक्यांत उतरवले आहे. एका लेण्यातून दुसऱ्याकडे जाण्यासाठी खडकातच पायऱ्या खोदल्या आहेत. उन्हाळ्यातही माणसाला पाण्यासाठी डोंगर उतरावा लागू नये, अशी ही व्यवस्था होती.

९/
येथील ब्राह्मी लेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हणतात आणि लेण्याला ‘लेण’. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा दुसरा शब्द आजच्या मराठीत जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे. एका पोढीच्या लेखाने तर राजकीय इतिहासाचा मोठा धागा हाती दिला. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातील, एका महाक्षत्रपाची कन्या होती, असे तो लेख सांगतो. तिच्याशी संबंधित सतेरक नावाच्या अमात्याने ही पोढी दान दिली. सातवाहन आणि क्षत्रप हे एकमेकांचे वैरी. त्यांच्यातील सोयरिकीची साक्ष भिक्खूंच्या पाण्याच्या टाक्यावर मिळते.

१०/
कान्हेरी केवळ राजांच्या दानावर उभी राहिली, असे मात्र नव्हे. जवळच सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे व व्यापारी नगरे होती. तेथील व्यापारी, सुवर्णकार, गृहस्थ, त्यांच्या स्त्रिया, भिक्खू आणि भिक्खुणी यांची नावे दात्यांच्या यादीत आहेत. कल्याणच्या नंद नावाच्या एका लोहाराने दिलेले दान विशेष लक्षात राहते. त्याने लेणे दिले नाही, मूर्ती दिली नाही. त्याने वाट दिली. डोंगरावर चढण्याची एक पायवाट. ज्या माणसाच्या हातून छिन्न्या घडत असतील, त्याने खडकातून जाणारा रस्ता दान करावा, हे स्वाभाविकच.

११/
संघाचा रोजचा खर्च चालावा कसा, याचाही विचार दात्यांनी केला. ‘अक्षयनीवी’ हा शब्द या लेखांत वारंवार भेटतो. मूळ रक्कम किंवा जमीन कायम राखायची आणि तिच्या उत्पन्नातून भिक्खूंची चीवरे व इतर गरजा भागवायच्या, अशी ती ठेव. एका लेखात मंगलस्थान गावातील शेताचा उल्लेख आहे. अभ्यासकांनी ते गाव म्हणजे बोरिवलीचे आजचे मागाठाणे असे ओळखले आहे. ज्या परिसरात आज इमारतींची दाटी आहे, तेथील शेताच्या उत्पन्नावर एके काळी डोंगरातील भिक्खूची वस्त्रे येत असत.

१२/
येथे कोड्याचे अर्धे उत्तर मिळते. खडक निवडला तो वैभव टिकावे म्हणून नव्हे. दान टिकावे म्हणून. बौद्ध कल्पनेत दात्याला दानाचे पुण्य मिळते. गवताच्या कुटीत एक वर्षावास होतो, दगडी लेण्यात पिढ्यान्‌पिढ्या होतात. गृहस्थाला ध्यानासाठी संसार सोडता येत नव्हता, परंतु ध्यान करणाऱ्याला निवारा देता येत होता. भिक्खू त्या बदल्यात धम्म सांगे. एकाकडे अन्न, वस्त्र आणि जागा, दुसऱ्याकडे उपदेश. हा देवघेवीचा करार कान्हेरीच्या प्रत्येक लेखामागे उभा आहे.

१३/
आता चैत्यगृहाकडे वळावे. तिसऱ्या क्रमांकाचे हे लेणे गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात कोरले गेले. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी ते घडवले. आराखडा कार्ल्याच्या चैत्यगृहाचा : कमानदार छत, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप आणि त्याभोवती फिरण्याची वाट. काही खांबांना घटाकार पाया आणि कोरीव शीर्षे आहेत, तर काही अगदी साधे अष्टकोनी. काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले नाही, हे त्या खांबांकडे पाहताच समजते.

१४/
या चैत्यगृहाच्या मूळ रचनेत पूजेचे केंद्र म्हणून बुद्धाची मूर्ती नाही. केंद्रस्थानी आहे तो स्तूप. खांबांच्या शीर्षांवर हत्ती आहेत आणि पवित्र वृक्ष व स्तूप यांच्या पूजेची दृश्ये आहेत. दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या भव्य जोड्या आहेत, परंतु बुद्ध मानवी रूपात नाही. प्रारंभीच्या बौद्ध कलेत तो असाच, चिन्हांनी सुचवला जाई : रिकामे आसन, पावलांचे ठसे, चक्र, बोधिवृक्ष, स्तूप. जो निर्वाणास गेला त्याच्या जागी शिल्पकाराने रिकामी जागा ठेवली आणि पाहणाऱ्याने ती स्मरणाने भरावी, अशी अपेक्षा धरली.

१५/
स्तूपाला उजवी घालत फिरणे हीही एक साधनाच होती. पावले संथ, मन एका विषयावर आणि तो विषय म्हणजे बुद्धाचे गुण. बुद्धानुस्मृतीचा हा सामूहिक प्रकार. एकांतातील खोलीत भिक्खू एकटा बसे. चैत्यगृहात भिक्खू आणि उपासक एकत्र येत. म्हणून कान्हेरीत खोल्या शेकड्यांच्या घरात आणि मोठे चैत्यगृह एकच, हे प्रमाण अर्थपूर्ण ठरते. गावात घरे अनेक असतात आणि चावडी एक असते, तसेच हे.

१६/
पुढे तीनशे वर्षांत चित्र पालटले. पाचव्या-सहाव्या शतकांत त्याच चैत्यगृहाच्या ओसरीच्या दोन टोकांना सुमारे ७ मीटर उंचीच्या दोन उभ्या बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. उजवा हात खाली, तळवा समोर, म्हणजे वरदमुद्रा; डाव्या हातात चीवराचा काठ. वस्त्र इतके तलम की ते अंगाला चिकटलेले वाटते. इतरत्र बुद्ध कमळावर पाय सोडून बसलेला आहे, हात छातीपाशी धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेत आणि कमळाचा देठ नागांनी धरलेला. रिकाम्या आसनावर आता कोणीतरी बसले होते.

१७/
हा बदल म्हणजे मूळ विचाराचा त्याग, असे सरधोपट विधान अनेकदा केले जाते. वस्तुतः अनुस्मृतीचा मार्ग तोच राहिला, आधार बदलला. ज्या मनाला स्तूप पाहून बुद्ध आठवत होता, त्याला आता मुद्रा, मिटत आलेले डोळे आणि स्थिर चेहरा पाहून तो आठवू लागला. ध्यानस्थ मूर्ती ही पूजेचे रूप होती, तशीच ती बसावे कसे याचा पाठही होती. पाठ ताठ, खांदे सैल, दृष्टी खाली. अक्षर न जाणणाऱ्या उपासकालाही ती वाचता येत होती.

१८/
याच काळात महायान विचाराने आणखी एक आकृती पुढे आणली : बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. बोधिसत्त्व म्हणजे स्वतःची मुक्ती जवळ असताना इतरांच्या दुःखासाठी थांबणारा. ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्राच्या समंतमुख परिवर्तात त्याचे स्मरण करणाऱ्याची कोणकोणत्या संकटांतून सुटका होते, याचे वर्णन आहे. कान्हेरीच्या ९० व्या लेण्यात ते वर्णन दगडात उतरले आहे. मध्ये अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंना लहान लहान प्रसंग. प्रत्येक प्रसंगात भयाने हात जोडलेली माणसे आणि त्यांच्यावर ओढवलेले एकेक संकट.

१९/
अशा शिल्पपटांतील संकटे पाहिली की दाते कोण होते ते पुन्हा आठवते. पिसाळलेला हत्ती, सिंह, सर्प, वणवा, वाटमारे, बंदिवास आणि बुडणारे जहाज. घाटवाटांनी बैलांचे तांडे नेणाऱ्या आणि सोपाऱ्याहून समुद्रात तारवे लोटणाऱ्या माणसांची ही खरीखुरी भीती आहे. असेच शिल्पपट वेरूळ आणि अजिंठ्यातही आहेत. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातील पट तर विशेष प्रसिद्ध आहे. भिक्खूच्या खोलीत मनातील भयाचा सामना एकांतात होई. व्यापाऱ्याला तेवढी उसंत नव्हती. त्याच्यासाठी करुणेला चेहरा दिला गेला.

२०/
४१ व्या लेण्यात या करुणेचे आणखी एक रूप आहे. येथील अवलोकितेश्वराच्या मुख्य मुखावर दहा लहान मुखे रचलेली आहेत. एकूण अकरा. भारतातील लेण्यांत असे शिल्प अत्यंत दुर्मीळ. सर्व दिशांचे दुःख एकाच वेळी दिसावे, हा या मुखांमागील आशय मानला जातो. एकादशमुख अवलोकितेश्वराचे सूत्र सहाव्या शतकातच चिनी भाषेत गेले आणि पुढे तिबेट, चीन व जपानमध्ये हे रूप घरोघरी पूजले गेले. बोरिवलीच्या रानातील एका शांत लेण्यात त्याचे प्राचीन भारतीय रूप आजही उभे आहे.

२१/
शिल्पे वाढली म्हणून उपदेश मागे पडला नाही, याचा पुरावा आकाराने फार लहान आहे. एकोणिसाव्या शतकात कान्हेरीत मातीच्या छोट्या मुद्रा सापडल्या. त्यांवर बौद्ध परंपरेतील एक प्रसिद्ध गाथा उमटवलेली आहे. तिचा आशय असा की वस्तू कारणांतून जन्मतात, ती कारणे तथागताने सांगितली आणि त्यांचा निरोधही सांगितला. प्रतीत्यसमुत्पादाचा सारा विचार त्या चार चरणांत आहे. भक्त ही मुद्रा पुण्यासाठी अर्पण करीत. अर्पण मात्र होत असे ते तत्त्वज्ञानाचे.

२२/
या गाथेची कथा कान्हेरीशी आणखी एका प्रकारे जुळते. परंपरा सांगते की बुद्धाच्या पहिल्या पाच शिष्यांपैकी अश्वजिताने ही गाथा सारिपुत्ताला ऐकवली आणि ती ऐकताच त्याला सत्य उमगले. इ.स. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी चैत्यगृहासमोरील एक स्तूप उघडला, तेव्हा त्यात ताम्रपट मिळाला. त्यावरील त्रैकूटक संवत्सर २४५, म्हणजे इ.स. ४९४-९५. सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या भिक्खूने कृष्णगिरीच्या महाविहारात हा स्तूप उभारला होता आणि तो शारद्वतीपुत्राला, म्हणजेच सारिपुत्ताला अर्पण केला होता.

२३/
राहिला प्रश्न ध्यानाचा. इतिहासकारापुढे येथे खरी अडचण उभी राहते. दान लेख ठेवते, शिल्प आकार ठेवते. ध्यान मात्र काहीच मागे ठेवत नाही. एखादा भिक्खू वीस वर्षे एका ओट्यावर बसला, तर त्या वीस वर्षांचा पुरावा कोठे शोधावा? या अडचणीमुळे लेण्यांचा इतिहास बहुधा राजवंशांचा, व्यापाराचा किंवा कलाशैलींचा लिहिला जातो. ज्या कामासाठी ही सारी खटपट झाली, ते काम पुस्तकाच्या पानांवरून नाहीसे होते. कान्हेरीत मात्र त्याचा माग काढता येतो.

२४/
डोंगराच्या एका बाजूला, ८७ व्या लेण्याच्या परिसरात, लांब कपारीखाली विटांच्या आणि दगडी स्तूपांचे अवशेष आहेत. ही भिक्खूंची स्मशानभूमी. अभ्यासक तिला ‘निर्वाणवीथी’ म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुराभिलेखविद डॉ. शोभना गोखले यांनी येथील स्मृतिलेख वाचून प्रकाशित केले. त्यांत दिवंगत स्थविरांची नावे आहेत आणि नावांपुढे पदव्या आहेत : अर्हत, अनागामी, त्रैविद्य, षडभिज्ञ. या पदव्या राजाने दिलेल्या नाहीत. या साधनेतील अवस्था आहेत. अनागामी म्हणजे या लोकी पुन्हा न परतणारा. अर्हत म्हणजे सर्व क्लेशांतून मुक्त झालेला.

२५/
या लेखांचे मोल येथेच आहे. संघाने आपल्या मृत सहकाऱ्याची ओळख त्याच्या कुळाने किंवा विद्वत्तेने दिली नाही. त्याने मनाचा कोणता टप्पा गाठला होता, यावरून दिली. त्या स्थविराला खरोखर काय लाभले, हे दगड सांगू शकत नाही. परंतु त्याच्या सोबत्यांना काय मोलाचे वाटत होते, ते तो निःसंशय सांगतो. वरच्या खोल्यांतील ओटे आणि खालच्या कपारीतील ही नावे एकत्र वाचली की रिकाम्या खोल्या रिकाम्या वाटत नाहीत.

२६/
दुसरा पुरावा नवव्या शतकाचा. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांची सत्ता होती आणि ते राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे मांडलिक होते. कान्हेरीतील या काळाच्या एका लेखानुसार गौड देशातून, म्हणजे बंगालमधून आलेल्या गोमिन् अविघ्नाकर या उपासकाने कृष्णगिरीच्या महाविहारात ध्यानासाठी योग्य अशी दालने करवली आणि १०० द्रम्मांची कायम ठेव दिली. दुसऱ्या एका दानात बुद्धाची पूजा, विहाराची दुरुस्ती, चीवरे आणि पुस्तके अशा बाबी वेगवेगळ्या नमूद आहेत. आठशे वर्षांनंतरही डोंगर आपले मूळ काम विसरला नव्हता.

२७/
त्यानंतर हळूहळू वस्ती विरळ झाली. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी ९० व्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरली. अवलोकितेश्वराच्या शिल्पाचेच हे लेणे. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगिजांच्या हाती गेली. पुढे युरोपीय प्रवासी आले, त्यांनी वर्णने लिहिली आणि काहींनी भिंतींवर नावेही खरडली. ब्राह्मी वाचता येऊ लागली ती १८३७ नंतर. तोवर कल्याणच्या लोहाराचे नाव सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणालाच दिसत नव्हते.

२८/
चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाचे एक चित्र अपूर्ण राहिले आहे. रेषा आखल्या गेल्या, काही रंग भरला आणि काम थांबले. अर्धवट खांब, अर्धे चित्र, झिजलेले चेहरे. अनित्यता शिकवणाऱ्यांनी खडक का निवडला, या कोड्याचे उरलेले उत्तर येथे आहे. त्यांनी खडकाला नित्य मानलेच नव्हते. एका माणसाच्या आयुष्यापेक्षा तो जास्त टिकतो आणि पुढच्या माणसाला बसायला जागा देतो, एवढाच त्याचा उपयोग होता. निर्वाणवीथीतले विटांचे स्तूप ढासळले. त्याने त्या स्थविरांच्या विचाराला धक्का लागत नाही.

२९/
ही परंपरा महाराष्ट्रात केवळ उत्खननाचा विषय राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ही लेणी एका जिवंत समाजाचा वारसा ठरली. आनापानाची साधना ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये सत्यनारायण गोएंका यांच्यासोबत भारतात परतली. बोरिवलीच्याच पश्चिमेला, गोराईजवळ, विपश्यनेचा भव्य पॅगोडा २००९ पासून उभा आहे. डोंगरातील खोली आणि खाडीपलीकडचा घुमट यांच्यात काही मैलांचे अंतर आहे, काही शतकांचेही.

३०/
कान्हेरीस जाणाऱ्याने चैत्यगृह पाहून झाल्यावर थोडे वर चढावे. कोणत्याही लहान लेण्याच्या ओसरीत बाकावर बसावे. समोर टाके असेल, कदाचित त्यात पाणीही असेल. भिंतीवर नुकतेच कोणी कोरलेले नाव दिसले तर त्याची तुलना नंद लोहाराच्या नावाशी करावी : एकाने नावाबरोबर वाट दिली, दुसऱ्याने भिंत बिघडवली. मग आतल्या ओट्याकडे पाहावे. येथे कोणी पहाटे उठून बसत असे आणि श्वास येतो-जातो एवढेच पाहत असे. त्याचे नाव बहुधा कोठेच कोरलेले नाही. जागा मात्र अजून तशीच आहे.